१८६ घरांची एक पत्रिका : प्रकल्प नोंदी

५ सप्टेंबर

लग्नपत्रिका करून घ्यायला दोघं, नवरा-नवरी, आज पहिल्यांदा भेटायला आले. लग्न १७ जानेवारीला. पाकिटं निदान सात-आठ आठवडे आधी पोस्टात पडायला हवीत, म्हणून माझी मुदत २४ नोव्हेंबर. कामाला ११ आठवडे मिळतात. पुरेसे आहेत, पण एखादा नमुना बिघडला तर फार सैलही नाहीत.

तिने फोनमध्ये साठवलेली चित्रं दाखवली. सोनेरी अक्षरं, कापसाच्या जाड कागदावर खोल उमटलेला ठसा, गडद हिरवी पाकिटं, लाखेची मोहोर. सगळं देखणं. पण साठएक चित्रांत देवनागरीचं एकही अक्षर नव्हतं. सगळीकडे रोमन, आणि तेही मोठ्या लिपीतली अंतर सोडून मांडलेली अक्षरं. त्यांची पत्रिका मराठीत व्हायची आहे. जे आवडलंय ते उचलून आपल्या लिपीवर घालता येणार नाही, हे आजच सांगितलं. नंतर हिरमोड होण्यापेक्षा आत्ता बोललेलं बरं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला : पत्रिका सगळ्यांत आधी कोण वाचणार?

"आजी," ती लगेच म्हणाली. "ताई, ती हातात घेऊन शब्द न् शब्द वाचते. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी."

लिहून ठेवलं.

९ सप्टेंबर

पाहुण्यांचा आकडा ४१०. मला लोकांचा आकडा नको होता, घरांचा हवा होता. पत्रिका घराला जाते, माणसाला नाही. त्यांनी बसून मोजलं : १८६ घरं. छापायच्या २१५, म्हणजे साधारण १५ टक्के जास्त. पाकिटं मात्र २४०, कारण पत्ते हाताने लिहायचे ठरतंय आणि लिहिताना पाकिटंच बिघडतात.

कामाचा आवाका ठरला. मुख्य पत्रिका, तपशिलाचं कार्ड, उत्तराचं कार्ड, पाकीट. उत्तरं आली की बसण्याच्या जागेची नावं, टेबलांचे आकडे. लग्नानंतर आभारपत्रं.

१३ सप्टेंबर

आकार. त्यांना चौरस पत्रिका हवी होती, १५० मिलिमीटर. चौरस सुंदर दिसतो, पण तयार पाकीट सहज मिळत नाही आणि टपालाच्या छाननी यंत्रांना आयताची सवय असते. लांब बाजू कोणती हे यंत्राला कळलं नाही तर पाकीट हातानेच हाताळावं लागतं. कित्येक ठिकाणी त्याचं वेगळं शुल्क पडतं.

मी त्यांना कागदाच्या ए-मालिकेकडे (ए४ ज्यातला आहे तिकडे) वळवलं. ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर. मधोमध घडी घातली की ए६, १०५ × १४८. ते सी६ पाकिटात (११४ × १६२) नीट बसतं, सगळीकडून थोडी मोकळी जागा राहते. या मालिकेची गंमत अशी की लांबी-रुंदीचं प्रमाण १ : √२ असल्याने कितीही वेळा निम्मं केलं तरी प्रमाण तेच राहतं. म्हणून मुख्य पत्रिका ए५ ची घडी, तपशील ए६, उत्तराचं कार्ड ए७ : तिन्ही एकाच कुटुंबातली दिसतात, मला वेगळं काही करावं लागत नाही.

गडद हिरवी पाकिटं मी नको म्हटलं. पत्ता वाचणारं यंत्र आणि पत्ता वाचणारा माणूस, दोघांनाही फिकट कागदावरची गडद शाई सोपी जाते. हिरवा रंग आत आणू.

२० सप्टेंबर

नाममुद्रा. तिचं नाव 'म' वरून, त्याचं 'न' वरून. रोमन मोनोग्राममध्ये अक्षरं एकमेकांत अडकवतात. मी आठ-दहा कच्चे प्रयत्न तसेच केले आणि सगळे टाकले. 'म' ची गाठ आणि 'न' ची गाठ एकमेकींवर आल्या की दोन्ही अक्षरं ओळखू येईनात.

संध्याकाळी बोरू घेऊन बसले आणि दोन्ही अक्षरं नुसती शेजारी लिहून वरून एकच शिरोरेखा ओढली. 'मन'. आपली लिपी जोडण्याचं काम आधीपासून करून बसलेली असते, मी विनाकारण गुंतागुंत शोधत होते.

दोघांना पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "हे असंच राहू द्या. काही करू नका याला." मी फक्त एवढं केलं की शिरोरेखा दोन्ही बाजूंना अक्षरांपेक्षा थोडी पुढे नेली आणि बोरूच्या टोकाचा तिरका काप तसाच ठेवला. रेघ आखीव केली असती तर हात निघून गेला असता.

जागा : पहिल्या पानावर बिनशाईचा दबलेला ठसा, आणि पाकिटाच्या झाकणावर आतून, लहान. अजून कुठे नाही. प्रत्येक कागदावर नाममुद्रा मारली की तिचा शिक्का होतो.

२७ सप्टेंबर

मजकूर. दोन्ही घरांकडून आलेले मसुदे जुन्या पत्रिकांवरून उतरवलेले होते. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' वगैरे. त्यात चूक काही नाही, पण ही दोघं असं बोलत नाहीत. मी म्हटलं, समजा तुम्ही एकेकाच्या दारात उभे आहात, तोंडाने काय म्हणाल? तिने तिथेच कागदावर लिहिलं :

'आम्ही दोघं लग्न करतोय. त्या दिवशी तुम्ही आमच्याजवळ असावं, असं फार वाटतं. नक्की या.'

यात मी एक स्वल्पविरामही बदललेला नाही. बाकी वार, तारीख, वेळ, ठिकाण खाली प्रमाण भाषेत. वरची तीन वाक्यं बोलण्याची आणि खालच्या चार ओळी शोधण्याच्या; दोन्हींचं वळण वेगळं असलेलं मला चालतं, किंबहुना हवंच आहे. दहा जणांच्या घाईत पत्रिका उघडणाऱ्याला वेळ सापडायला हवी.

शुद्धलेखनाची एक यादी भिंतीवर लावली, कारण लग्नाच्या मजकुरात याच चुका फिरून फिरून येतात : आशीर्वाद (रफार 'व' वर, 'श' वर नाही), उपस्थिती, कुटुंबीय, विनंती. चारही शब्द शेवटी लागले नाहीत तरी यादी राहू दे. पुढच्या कामाला आहेच.

४ ऑक्टोबर

अक्षरठसा निवडायला अख्खा आठवडा गेला आणि त्याचं वाईट वाटत नाही.

बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात. मराठी वाचकाला ते वाचता येतात, पण पत्रिका परक्या हाताने लिहिल्यासारखी वाटते. काही फॉन्टमध्ये मराठी वळण आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की बाहेर येतं. ज्यांना हे माहीत नसतं ते फॉन्टच बदलत बसतात. तिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे. मुख्य पत्रिकेला तीच घेतली. जुन्या छापील पुस्तकांची आठवण करून देणारी चण आहे, जाड-बारीक रेघांचा तोल शांत आहे. तपशिलाच्या कार्डाला 'मुक्त' नावाचा फॉन्ट : सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची रेघ, लहान आकारातही स्वच्छ. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, छपाईला अडचण नाही.

रोमनमध्ये शोभणारं अक्षरांमधलं अंतर देवनागरीत घातलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. मोकळेपणा हवा असेल तर तो ओळींच्या मध्ये द्यायचा. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, दोन्हींना जागा लागते. १० पॉइंटच्या मजकुराला मी १६ पॉइंटची ओळ धरली.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी जुळणी (आपल्यासारख्या लिप्यांसाठीची सोय) चालू केल्याशिवाय जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. हे नवीन फाईल उघडताना दरवेळी तपासते. आजही तपासलं.

९ ऑक्टोबर

कागदाचे नमुने आले. चौरस मीटरला २५० ग्रॅमचा, कापूसमिश्रित, अनकोटेड (वर लेप नसलेला), सायीच्या रंगाचा. बोटाला मऊ लागतो, ठसा छान घेतो.

पण घडी फुटली. क्रीझ (घडीसाठी आधी दाबलेली खाच) मारूनही घडीवर पांढऱ्या रेषा आल्या, तंतू वर आले. छपाईचे काका कागद न बघताच म्हणाले, "उलटा कापलाय." बरोबर होतं. कागद यंत्रावर बनताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेला झोपतात. घडी त्या दिशेला समांतर असेल तर सहज पडते, आडवी असेल तर तंतू मोडतात. खात्री करायची सोपी रीत : कागदाचा एक तुकडा एका बाजूने ओल्या फडक्याने पुसायचा. तो आपणहून सुरळी होऊ लागतो, आणि सुरळीचा लांब अक्ष ज्या दिशेला तीच तंतूंची दिशा. आमच्या पत्रिकेची घडी १४८ च्या बाजूला समांतर आहे, म्हणून तंतूही त्याच बाजूने हवेत. मूळ ताव फिरवून कापायला सांगितलं. ताव थोडे जास्त लागतील. दोघांना कळवलं, त्यांनी हो म्हटलं.

याच निमित्ताने ठशाचंही ठरलं. खोल ठसा म्हणजे मागच्या बाजूला उंचवटा. पहिल्या पानावरचं 'मन' दुसऱ्या पानावर उलटं फुगून दिसतं. म्हणून दुसरं पान पूर्ण कोरं, मजकूर तिसऱ्यावर. पूर्वीच्या चांगल्या मुद्रकांची कसोटी तर अशी होती की अक्षर कागदाला फक्त टेकलं पाहिजे, रुतता कामा नये. खोल ठशाची आवड अलीकडची आहे. मला दोन्ही पटतं. बिनशाईचा ठसा खोल चालेल, मजकुराचा अलगद हवा.

१६ ऑक्टोबर

आज आजींना नमुना दाखवला. त्यांच्या घरी जाऊनच.

नमुना दोघांच्या आवडीप्रमाणे होता : तिसऱ्या पानावरचा सगळा मजकूर सोनेरी फॉइलमध्ये (गरम ठशाने कागदावर चिकटवलेला चकचकीत पापुद्रा), १० पॉइंट. माझ्या टेबलावर, दिव्याखाली, मला तो अप्रतिम दिसला होता. आजींनी तो खिडकीशी नेला, डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, चष्मा काढून डोळ्याजवळ धरला.

"अक्षर दिसतं गं," त्या म्हणाल्या, "पण मध्येच विझतं."

नावं त्यांनी वाचली. त्यांना ती पाठच होती. मग विचारलं, "वेळ लिहायची राहिली का?"

वेळ होती. नावांच्या खाली तिसऱ्या ओळीत होती. सोनेरी, सायीच्या रंगावर.

संकेतस्थळांसाठी मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचा एक किमान निकष असतो, ४.५ : १. फॉइलला असा एक आकडा लावताच येत नाही, कारण ते उजेड परतवतं. एका कोनातून गडद दिसतं, दुसऱ्या कोनातून कागदाएवढंच उजळ. तरुण डोळा कागद आपोआप हलवून घेतो, म्हणून मला हे जाणवलंच नाही. पहिल्या दिवशी 'आजी' असं वहीत लिहून ठेवलं होतं आणि तरीही १० पॉइंट सोनेरीत नमुना काढला, ही माझी चूक. नमुना परत आणला. आजींनी चहा दिला आणि जाताना म्हणाल्या, "सोनं सुंदर आहे हो, पुसू नका." त्यांना वाटलं मी नाराज झाले.

१८ ऑक्टोबर

पुन्हा मांडणी.

फॉइल आता फक्त दोघांच्या नावांना, २६ पॉइंट. एवढ्या मोठ्या आकारात ते विझलं तरी अक्षराचा आकार कळतो. शिवाय काका म्हणत होतेच की बारीक अक्षरात गरम डायखाली (ठशाच्या साच्याखाली) फॉइल भरून येतं, 'श्र' आणि 'ष' ची पोटं बुजतात. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नको, हा त्यांचा नियम मी आता पाळते आहे. बाकी सगळा मजकूर गडद हिरव्या शाईत, जवळजवळ काळ्याच, १३ पॉइंट. तिला हवा असलेला हिरवा असा आत आला. ही शाई एकाच मिसळलेल्या रंगाची करून घेतली. चार रंगांचे थर एकमेकांवर छापले असते तर बारीक अक्षरांच्या कडांना जरा जरी सरकलं तरी सावली दिसली असती.

आणि मी दोघांना एक विचारलं : यादीत आजींसारखे किती जण आहेत? त्यांनी फोन करून, विचारून, रात्री आकडा कळवला. १४ घरं.

त्या १४ घरांसाठी वेगळी प्रत करायची. तोच कागद, तेच पाकीट. पण १८ पॉइंट, मुक्त फॉन्ट जरा ठळक वजनात. एका ए६ पानात हे मावत नाही, म्हणून पत्रिका वरून खाली उघडते आणि आतलं अख्खं ए५ एकच पान म्हणून वापरायचं. दबलेला ठसा इथे मजकुराच्या आड येतो, म्हणून नाममुद्रा शाईतच. तारीख आणि वेळ सगळ्यांत वर.

पत्रिका व्यक्तिगत करायची म्हणून सगळ्यांनी जे सांगितलं त्यात नाममुद्रा होती, रंग होता, दोघांच्या पहिल्या भेटीचं चित्र काढायचं होतं. म्हणजे सगळं देणाऱ्यांबद्दल. घेणाऱ्याबद्दल या १४ प्रतींत पहिल्यांदा काही झालं. माझं मन आता या प्रतींत जास्त आहे.

२४ ऑक्टोबर

वजन. ए० हा बरोबर एक चौरस मीटरचा असतो, त्यामुळे हिशोब मनातल्या मनात होतो. ए५ त्याचा बत्तिसावा भाग : २५० भागिले ३२, म्हणजे ७.८ ग्रॅम. तपशिलाचं ए६ कार्ड २०० ग्रॅम कागदाचं : भागिले ६४, ३.१. उत्तराचं ए७ : २५० भागिले १२८, जवळजवळ २. पाकीट काट्यावर ५.५ भरलं. एकूण १८.४.

त्यात तिला पाकिटाला आतून छापील अस्तर हवंय. ते २ ग्रॅमचं. २०.४ झाले. अनेक देशांत पत्राच्या टपालखर्चाचा पहिला टप्पा २० ग्रॅमला संपतो, आणि या यादीतली काही घरं परदेशात आहेत. अस्तर काढलं. त्याऐवजी पाकीट जुळवण्याआधी सपाट असतानाच झाकणाच्या आतल्या बाजूला हिरवा रंग आणि नाममुद्रा छापून घेऊ. उघडताना दिसायचं तेच दिसेल.

लाखेची मोहोरही गेली. वजन थोडंच, पण एका जागी फुगवटा येतो. यंत्रात मोहोर तुटते किंवा पाकीट अडकतं. हाती द्यायच्या पाकिटांवर ती लावता येईल. त्याला थोडं वाईट वाटलं, लाख त्यानेच आणून ठेवली होती.

२९ ऑक्टोबर

नावांची यादी. आजचा दिवस सगळ्यांत अवघड गेला.

एका घराची यादी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणारी संगणकाची पद्धत), दुसऱ्या घराची एका जुन्या फॉन्टमध्ये. जुन्या फॉन्टचं तंत्र असं होतं की आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा. रूपांतर करून घेतलं आणि ८६ नावं मूळ कागदाशी एकेक ताडून पाहिली. जोडाक्षरं बिघडली होती, काही रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते.

मग दोन्ही याद्या एकत्र केल्या. दुहेरी नावं संगणकाने काढून टाकली, असं मला वाटलं. वाचताना एक घर दोनदा दिसलं. आडनाव 'बऱ्हाटे', दोन्हीकडे अगदी सारखं. तरी संगणकाला ते वेगळं वाटत होतं. कारण हा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो : नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या 'र' चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह द्यायचं. डोळ्याला एक, यंत्राला दोन. सगळी यादी एकाच पद्धतीत आणली. 'कऱ्हाडे' सुद्धा दोनदा निघाले. आणखी एका ठिकाणी ते जोडचिन्हच गळून 'ऱ्ह' चा 'र्ह' झाला होता, म्हणजे आडनावच बदललं होतं. असं पाकीट घरी गेलं असतं तर त्या माणसाने काही बोलून दाखवलं नसतं, पण पाहिलं असतं.

नवा आकडा १८३. तिने चुकून राहिलेली तीन घरं सांगितली. पुन्हा १८६.

'व परिवार' याबद्दल बराच वेळ बोललो. तिला ते नको होतं. "माझी मावशी 'परिवार' नाही ताई, ती मावशी आहे." म्हणून ठरलं : घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव पूर्ण. मुलांचीही नावं, वयाने मोठी ते लहान या क्रमाने. शब्द वाढले, पाकिटावर ओळी वाढल्या. चालेल. शिवाय बोलावणं नेमकं कुणाला हा गोंधळही उरत नाही.

५ नोव्हेंबर

मुद्रितशोधन. मी वाचलं, तिने वाचलं, त्याने वाचलं, आणि लग्नाशी काही संबंध नसलेल्या एका मैत्रिणीने वाचलं. ज्यांना मजकूर पाठ असतो त्यांना चूक दिसत नाही. तेव्हा शेवटच्या ओळीकडून वर वाचत आले. एकच चूक सापडली, पण मोठी : तारीख बरोबर आणि वार आदल्या दिवसाचा. तो त्यांच्या पहिल्या मसुद्यापासून तसाच चालत आला होता. आम्ही सगळ्यांनी निदान वीस वेळा तो वाचला होता. मैत्रिणीने कॅलेंडर उघडून बघितलं म्हणून कळलं.

तपशिलाच्या कार्डावर नकाशासाठी क्यूआर कोड आहे. पहिल्या नमुन्यात तो फॉइलमध्ये होता, तीन फोनांपैकी एकानेच वाचला. आता गडद शाईत, २२ मिलिमीटर, भोवती चार चौकड्यांएवढी मोकळी जागा, दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची, म्हणजे सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल. खाली पत्ता अक्षरांतही आहेच. फोन काढायला लागू नये.

फाईल दिली : चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा छपाई), मजकूर कडेपासून किमान ६ मिलिमीटर आत, अक्षरांचं रूपांतर बाह्यरेषांत. जुळणी छापखान्याच्या संगणकावर बदलण्याचा धोका देवनागरीत मी घेत नाही.

१२ नोव्हेंबर

छपाई. सकाळपासून यंत्राजवळ उभी होते. पहिले वीस-पंचवीस ताव शाई आणि दाब बसेपर्यंत वाया जातात, ते हिशोबात धरले होते. हिरवा मला हवा त्यापेक्षा उजळ येत होता; अनकोटेड कागद शाई पितो. काकांनी थोडा काळा मिसळला, पुन्हा ओढलं, पुन्हा मिसळलं. चौथ्या वेळी आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली.

मोठ्या अक्षराच्या २० प्रती दुपारी झाल्या. काकांनी त्यातली एक उचलून हात लांब करून धरली आणि चष्मा न लावता सगळी वाचून दाखवली.

२१ नोव्हेंबर

सहा दिवस पाकिटं लिहिते आहे. दिवसाला तीस-एकतीस. त्याहून जास्त लिहिली की हात घसरतो आणि शेवटच्या पाकिटावर तो घसरलेला दिसतो. ज्याचं नाव यादीत शेवटी आहे त्याने का सोसावं?

देवनागरीसाठी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट्या अंगाने तिरका असावा लागतो. रोमनसाठी कापलेल्या टाकाने लिहिलं की जाड रेघ बारकीच्या जागी येते. शाई रंगद्रव्याची, पाण्याने न फुटणारी. ती टाकात वाळून बसते, दर तीन-चार पाकिटांनंतर धुवावी लागते. पण लिहून झाल्यावर ओला अंगठा फिरवला तर डाग पडत नाही, आणि पाऊस कुठेही लागू शकतो.

बिघडलेली पाकिटं ३१. त्यातली बरीच पहिल्या दिवशीची.

उत्तराच्या कार्डांच्या मागे पेन्सिलने बारीक आकडा टाकला, यादीतल्या क्रमाचा. लोक उत्साहात 'आम्ही चौघं नक्की येऊ!' असं लिहितात आणि नाव विसरतात.

२४ नोव्हेंबर

पोस्टात टाकली. आधी एक पूर्ण भरलेलं पाकीट काट्यावर ठेवलं : १८.७. शाईचं आणि डिंकाचं वजन मी धरलं नव्हतं.

आजींची प्रत पोस्टात नाही, ती हातात द्यायची म्हणून बाजूला काढली. त्यावर त्याने लाखेची मोहोर केली.

१९ डिसेंबर

१४१ उत्तरं. बिननावाची ९ आली, नऊही पेन्सिलच्या आकड्यावरून लागली. उरलेल्यांना दोघं फोन करताहेत.

एका कार्डावर येणाऱ्यांच्या आकड्याखाली लिहिलंय, 'पत्रिका मी माझी मी वाचली. मोठ्या अक्षराबद्दल आभार.' त्या १४ पैकीच एक घर. कार्ड मी तिच्याकडून मागून घेतलं.

७ जानेवारी

जागेवरच्या नावांची कार्डं : ३९२. ही छापील, कारण आठवड्यात एवढी हाताने होत नाहीत. यादी आधीच धुऊन-पुसून ठेवली असल्याने एका दिवसात लागली. नाव दोन्ही बाजूंना छापलं, म्हणजे समोर बसलेल्यालाही ते दिसतं आणि नाव विचारायचा संकोच राहत नाही. टेबलांचे आकडे तळहाताएवढे. खोलीच्या दारातून वाचता यायला हवेत. उभं राहून अंतर मोजलं, १४ पावलं.

कोरी कार्डं १५ जास्त आणि सोबत एक पेन. शेवटच्या दिवशी कुणीतरी येतंच.

२५ जानेवारी

कोऱ्या कार्डांपैकी ६ लागली.

आभारपत्रं सुरू. 'मन' ची डाय तेलकट कागदातून काढली, पुसली, तोच दाब लावला. ए६, सपाट, त्याच कागदाचे उरलेले ताव. आतला मजकूर छापायचा नाही, दोघं हाताने लिहिणार आहेत. त्यांचं पेन मागवून कागदावर शाई फुटते का ते पाहिलं, थोडी फुटते. त्यांना दुसरी, जरा दाट शाई सुचवली. आजींच्या पत्रासाठी जाड निबाचं पेन वेगळं दिलंय.